चाळीसातलं एक झाड
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत 'परसबाग' या विषयावर आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्या बहिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, ताईंच्या संमतीने, त्यांच्याच शब्दांत देत आहोत. – संपादक मंडळ)



मागच्या सभेत भाजीच्या परसबागेवर बोलणं झालं. नंतर चहाच्या वेळी तिघीचौघींनी मला गाठलं. म्हणाल्या, "तुझ्या अंगणात तो मोठा पिवळा गुलाब फुलतो, कडेला गुलाबी असलेला. आम्ही आणला की पावसाळ्यात मरतो. तू काय घालतेस त्याला?" ताईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी सगळ्यांसमोरच सांग. म्हणून उभी राहिले आहे. पण गुलाबाचं सांगायचं तर मला आधी कर्जाचं सांगावं लागेल.

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात लाटेचा आवाज घरात येतो आणि मे महिन्यात खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर जिभेला खारट लागतं. सहा वर्षांपूर्वी आमच्या बाजूला दोन-तीन घरांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. मला वाटलं, पाहुणे आले की फुलं लागणार. मोठा, लांब दांड्याचा गुलाब जवळ कोणाकडेच नाही. गटातून सात हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. दीडशे रुपयांना एक अशी चाळीस कलमं आणली, सहा हजारांची. उरलेले हजार टेम्पोला आणि खताला गेले.

सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "बाये, खाऱ्या वाऱ्यात गुलाब होवचो नाय. अबोली लाव, सुरंगीची कलमा लाव." मी ऐकलं नाही.

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कलमं लावली. पंधरा दिवस झाडं इतकी छान दिसली की मी शेजारणींना बोलावून दाखवली. जुलैत पानांवर काळे ठिपके आले. पानं पिवळी होऊन गळली, नुसत्या काट्या उरल्या, मग काट्या टोकाकडून काळ्या पडत खाली आल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत चाळीसपैकी सदतीस मेली.

मी गटाच्या बैठकीला जाणं बंद केलं. एक बैठक चुकवली, दुसरी चुकवली. हप्ता थकला होता आणि तोंड दाखवायची लाज वाटत होती. भात लावणीला दुसऱ्यांकडे जायचे, पण बैठकीच्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहायचे. तिसऱ्या वेळी सगळा गटच माझ्या पडवीत येऊन बसला. सतरंजी त्यांनीच आणली होती. वही काढली, हजेरी घेतली, माझं नाव पुकारलं. मला रडू आलं.

कर्ज कोणी माफ केलं नाही, तेही सांगते. पाचशेचा हप्ता आणि वर व्याज असे चौदा महिने बांधून दिले, आणि मी ते काजूच्या मजुरीतून फेडले. पण त्या दिवशी आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "पैसे बुडाले हे वहीत लिहून झालं. आता का बुडाले तेही लिहूया." असं म्हणून सगळ्याजणी पावसात छत्र्या घेऊन माझ्या परसात फिरल्या. गावात आंब्या-काजूची कलमं बांधणारे एक म्हातारे काका आहेत, त्यांनाही बोलावलं. वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशी चार कारणं लिहिली गेली. आज मी जे सांगणार आहे ते त्याच पानावरचं, आणि नंतर सहा वर्षांत शिकले ते.

पहिलं कारण – झाड काय आहे हे मला माहीतच नव्हतं.

आपण ज्याला मोठा गुलाब म्हणतो, लांब दांडा आणि दांड्याला एकच टपोरं फूल, त्याला 'हायब्रिड टी' म्हणतात. चहाशी त्याचा संबंध एवढाच की चीनकडून युरोपात गेलेल्या काही गुलाबांना चहाच्या पानांसारखा वास येतो असं लोक म्हणायचे. त्या चिनी जातीचे गुलाब आणि युरोपातले दणकट गुलाब यांच्या संकरातून ही जात आली. 1867 सालचा 'ला फ्रान्स' हा त्यातला पहिला मानतात. चीनच्या बाजूने पुन्हापुन्हा फुलायची सवय आली, युरोपच्या बाजूने आकार आणि काटकपणा आला. पण तो काटकपणा थंडीसाठीचा. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्याने पाहिलेला नाही. त्याच्या मुळांना ओल हवी, पण पायाशी साचलेलं पाणी नको. त्याच्या पानांना वारा हवा, पण मिठाचा नको. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर त्याला नेमकं जे नको तेच भरपूर आहे. हे आधी कळलं असतं तर मी चाळीस आणली नसती, दोन आणली असती.

आणखी एक. हे झाड दोन झाडांचं मिळून बनतं, आपल्या हापूसच्या कलमासारखं. खाली रानटी गुलाबाचा खुंट आणि त्यावर भरलेला चांगल्या गुलाबाचा डोळा. जिथे डोळा भरला तिथे गाठ दिसते. मी सगळी झाडं ती गाठ मातीत गाडून लावली होती, घट्ट बसावीत म्हणून. कलमवाल्या काकांनी माती उकरून दाखवलं. आपल्या उष्ण दमट हवेत गाठ जमिनीच्या वर दोन-तीन बोटं राहिली पाहिजे. गाडली की ती कुजते, आणि खालून खुंटाची फूट कधी आली ते कळतही नाही.

चाळीसातली तीन झाडं जगली होती ना? त्यातली दोन तर नुसते खुंट होते! वरचं कलम केव्हाच मेलं होतं आणि मी त्या हिरव्या फांद्या बघून खूश होते. खुंटाची फूट ओळखायला काहीजणी पानाची दलं मोजतात, सात असली तर रानटी म्हणतात. तेवढ्याने खात्री होत नाही. फूट गाठीच्या खालून आली आहे की वरून, ते बघायचं. खालून आली असेल तर कात्रीने कापू नका, कापली की तिथून चार फुटतात. माती बाजूला करून जिथून निघाली तिथूनच ओढून काढा.

म्हणजे खरा गुलाब एकच उरला होता. त्याच्या गळ्यात पिवळी चिठ्ठी होती, त्यावर लिहिलं होतं 'पीस'.

दुसरं कारण – जागा आणि खड्डा.

आमच्या परसात वीतभर मातीखाली जांभा. मी पहारीने जांभा फोडून दीड-दीड फुटाचे खड्डे काढले, त्यात चांगली माती आणि शेणखत भरलं. मेहनत पुस्तकात लिहिल्यासारखी होती. पण कातळातला खड्डा म्हणजे घागर. पाऊस पडला की ती भरते आणि पाणी जायला वाट नसते. काकांनी एका खड्ड्यातलं मेलेलं झाड उपटलं तर खाली पाणी चमकत होतं आणि मुळं काळी, वास येणारी.

म्हणून किनाऱ्यावर, आणि खास करून कातळावर, गुलाब खाली नाही, वर लावायचा. मी आता चार चिरे उभे करून त्यात दीड फूट उंचीचा वाफा भरते. खाली चिऱ्यांमध्ये फटी ठेवायच्या. ज्यांना ते जमत नसेल त्यांनी बारा ते चौदा इंचांची कुंडी घ्यावी, तळाला भोकं मोकळी आहेत ना बघावं आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी. आमच्याकडे कुंडीच बरी, कारण पावसाळ्यात ती उचलता येते.

माती अशी – दोन घमेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं जाडी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. वाळू नदीची घ्या. समुद्राची वाळू फुकट मिळते, पण तिच्यात मीठ असतं. शेणखत कच्चं असेल तर वाळवी येते. आपली जांभ्याची माती आंबट असते आणि गुलाबाला थोडीशीच आंबट चालते, सामू सहा ते साडेसहाच्या आसपास. काही ठिकाणी चुना घालावा लागतो. पण अंदाजाने घालू नका, माती तपासून घ्या.

जागा बघताना सकाळचं ऊन बघा. पाच-सहा तास ऊन पाहिजे, पण त्यात सकाळचं असेल तर रात्रीचं दव लवकर सुकतं. ते का महत्त्वाचं आहे ते पुढे सांगते. समुद्राच्या बाजूने आडोसा करा. मी आधी गडग्याला लागूनच झाडं लावली होती. पण भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे आदळतो. विरळ आडोसा बरा. नारळाच्या झावळ्यांचा कूड, जाळी किंवा जास्वंदीचं कुंपण वारा चाळून आत सोडतं. आणि झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा. दाटी केली की पानं ओली राहतात.

तिसरं कारण – पाणी.

मे महिन्यात आमची विहीर मचूळ होते. माणसं तक्रार करतात, झाडं करत नाहीत. पण पानाच्या कडा करपून तपकिरी झाल्या की समजायचं, मीठ लागलंय. मी करायची काय, झाडाला बरं वाटावं म्हणून रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी, तेही वरून पानांवर. ह्यात दोन चुका. थोडं थोडं मचूळ पाणी घातलं की पाणी उडून जातं आणि मीठ मातीत साठतं. त्यापेक्षा दिवसाआड भरपूर घाला, कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतकं, म्हणजे साठलेलं मीठही धुऊन जातं. कुंडीखाली थाळी ठेवू नका. ज्यांना नळाचं गोडं पाणी मिळतं त्यांनी उन्हाळ्यात गुलाबापुरतं तेच वापरावं.

पानांवर पाणी एकाच कारणासाठी मारायचं. समुद्रावरून जोराचा वारा दिवसभर चालला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याने पानं धुऊन टाकायची, म्हणजे त्यांच्यावर बसलेलं मीठ निघतं. सकाळीच, संध्याकाळी नाही. आणि अजून एक आपल्याकडची गोष्ट. मासळी धुतलेलं पाणी आपण झाडांना घालतो. नुसत्या पाण्याने धुतलेली असेल तर हरकत नाही. पण मिठाने चोळून धुतली असेल तर ते पाणी गुलाबाला घालू नका. माडाला घाला, तो सोसतो.

चौथं कारण – वेळ.

आपल्याला सवय आहे, झाड लावायचं ते पावसाळ्यात. आंबा, काजू, नारळ सगळं जूनमध्ये. गुलाबाचं उलटं आहे. आपल्या किनाऱ्यावर गुलाब लावायचा तो पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. मग त्याला पुढे सात-आठ महिने मिळतात मूळ धरायला. पहिला पावसाळा येतो तेव्हा तो तयार असतो.

छाटणीही तेव्हाच. ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस थांबल्याची खात्री करून धारदार कात्री घ्यायची. आधी मेलेल्या, काळ्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या पूर्ण काढायच्या. तीन-चार चांगल्या फांद्या ठेवून त्यांची वरची टोकं छाटायची. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या थोडं वर तिरका काप. आत तोंड असलेल्या डोळ्यावर कापलं तर फांदी आत जाते आणि झाडाच्या पोटात दाटी होते. बऱ्याच हायब्रिड टी गुलाबांना गुडघ्याएवढं छाटलं तरी चालतं, पण 'पीस'ला फार खाली छाटलेलं मानवत नाही. त्याला वरवरच छाटा. छाटणीनंतर साधारण दीड ते दोन महिन्यांनी फूल येतं. म्हणजे ऑक्टोबरात छाटलं तर डिसेंबरात पहिला बहर. आपल्याकडे जी काय थंडी असते ती तेव्हाच. 'पीस'चा रंगही थंडीतच गडद असतो, उन्हाळ्यात तो फिका पडतो. मार्चमध्ये फूल पांढुरकं आलं म्हणून झाड बिघडलं असं समजू नका.

छाटलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावायची. सुपारीवाल्यांच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, कोळेरोगाला आपण बोर्डो मारतोच. पेस्ट घट्ट असते – 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळी भिजवून मग एकत्र करायची. लोखंडाचं भांडं नको. त्याच दिवशी वापरायची. न लावता सोडली तर कापाकडून फांदी काळी पडत खाली उतरते, माझी झाडं अशीच मेली. तसं दिसलं तर काळ्या भागाच्या खाली, फांदी आतून पांढरी दिसेल तिथपर्यंत कापा आणि पेस्ट लावा.

आता काळे ठिपके. ही बुरशी आहे. तिचा बी पानावर पडला की पान सलग सहा-सात तास ओलं असेल तेव्हाच तो रुजतो. म्हणून मी सकाळच्या उन्हाचं, अंतराचं आणि संध्याकाळी पानं न भिजवण्याचं इतकं सांगितलं. औषधाच्या आधी ते. पावसाळ्यात कुंड्या पडवीच्या कडेला, उजेड येईल पण पावसाची झड लागणार नाही अशा ठेवायच्या. पागोळ्या पडतात त्याखाली नाही. ठिपका दिसला की ते पान काढायचं, खाली पडलेली पानंही गोळा करून जाळायची. खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत. तरी वाढलं तर मॅन्कोझेब, दहा लिटर पाण्याला 25 ग्रॅम. फवारताना तोंडाला फडकं, हातमोजे, आणि मुलांना लांब ठेवायचं. फवारलेली फुलं खाण्याच्या कशालाही वापरायची नाहीत. तसाही हा गुलाब गुलकंदाचा नाही, त्याला वेगळ्या सुवासिक जाती लागतात.

फेब्रुवारीनंतर कळ्यांच्या पाकळ्या कडेने तपकिरी होऊन उमलत नाहीत, ते फुलकिडे. त्यांना पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून दहा लिटर पाणी करायचं. दर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पण दव पडायच्या आत सुकेल अशा बेताने.

खताचं सोपं ठेवलंय. छाटणीनंतर प्रत्येक झाडाला कुजलेलं शेणखत, मग बहर चालू असेपर्यंत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड. पावसाळ्यात खत बंद. फूल कोमेजलं की देठासकट, खालच्या पहिल्या पाच दलांच्या पानाच्या वर कापायचं, म्हणजे पुढची फूट जोमदार येते.

आता त्या एका झाडाचं पुढे काय झालं ते सांगते.

माझ्या लेकीने त्या 'पीस' नावाचा शोध घेतला. हा गुलाब फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ नावाच्या माणसाचा. त्यांचं घराणंच गुलाबवाल्यांचं. 1935 च्या सुमाराला केलेल्या संकरातून एक रोप निघालं. त्याचे डोळे त्यांनी दुसरं महायुद्ध पेटायच्या तोंडावर परदेशांत पाठवले, जर्मनीला, इटलीला, अमेरिकेला. मग युद्धाने सगळ्या वाटा बंद झाल्या. फ्रान्समध्ये त्यांनी ह्या गुलाबाला आपल्या आईचं नाव दिलं, 'मॅडम ए. मेयाँ'. इटलीत त्याला आनंद अशा अर्थाचं नाव पडलं. आणि अमेरिकेत 29 एप्रिल 1945 रोजी, युद्ध संपत आलेलं असताना, त्याचं नाव जाहीर झालं 'पीस', म्हणजे शांती. त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन करायला देशोदेशीचे लोक जमले होते, त्यांना हे फूल देण्यात आलं.

मला ह्यात विशेष काय वाटलं सांगू? बियांपासून हा गुलाब असा होत नाही. जगात जिथे जिथे 'पीस' आहे, ते सगळं त्या एका रोपाच्या डोळ्यांवरून आलेलं आहे. माझ्या परसात उरलेलं झाडसुद्धा. आपल्या देशातही असं काम झालं आहे. गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी फावल्या वेळात किती तरी गुलाब तयार केले, त्यांचा पांढरा 'डॉ. होमी भाभा' हा हायब्रिड टीच आहे.

तर मी कलमवाल्या काकांना म्हटलं, एका रोपाचे इतके डोळे होतात तर माझ्या एका झाडाचे का होणार नाहीत? ते हसले. म्हणाले, डोळे आहेत, खुंट कुठे आहेत? आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. ते दोन खुंट उभेच होते, जे मी फसले म्हणून उपटून टाकणार होते.

पुढच्या जूनमध्ये त्या खुंटांच्या पेन्सिलीएवढ्या काड्या कापून पिशव्यांत लावल्या. रानटी गुलाबाला पाऊस मानवतो, बहुतेक काड्या फुटल्या. डिसेंबरात काकांनी शिकवलं तसे डोळे भरले. खुंटाच्या सालीला 'टी' अक्षरासारखी चीर द्यायची. नुकतं फूल देऊन झालेल्या फांदीवरचा फुगलेला डोळा सालीसकट काढून त्यात सरकवायचा, प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचं, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर लागला. मग त्याच्या वरचा खुंट छाटायचा. पहिल्या वर्षी मी वीस भरले, सहा लागले. दुसऱ्या वर्षी वीसमधले तेरा.

आज माझ्याकडे अकरा झाडं आहेत. गेल्या हंगामाचा हिशोब वहीत आहे, तोच वाचते. फुलं विकली 120, दहा रुपयांनी, 1,200 रुपये. डोळा भरलेली रोपं विकली 18, एकशेवीस रुपयांनी, 2,160 रुपये. एकूण 3,360. खर्च 640. हातात 2,720 रुपये. माझी मजुरी धरलेली नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही, ह्याच्यावर घर चालत नाही. माझं घर काजूवर आणि नवऱ्याच्या नोकरीवर चालतं. पण हे पैसे माझे आहेत, आणि ह्या वेळी कर्ज न काढता आलेले आहेत.

म्हणून माझं मागणं एवढंच. कोणी गुलाबासाठी लगेच कर्जाचा अर्ज करू नका. आधी एक झाड आणा, गाठ बघून, नाव बघून, दिवाळीच्या सुमाराला. एक पावसाळा काढून दाखवा. तो जगला तर मग दहांचं बोलू. आणि कुठल्याही धंद्यात बुडालात तर बैठक चुकवू नका. मी तीन महिने घरात बसले, त्या तीन महिन्यांत ते एक झाडही मेलं असतं. गटातल्या बायका आल्या म्हणून काका आले, काका आले म्हणून गाठ उघडी झाली.

सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. डिसेंबरात पहिलं फूल उमलतं ते मी त्यांच्याच हातात देते. त्या ते देवाला वाहतात आणि दर वर्षी म्हणतात, "अबोली लावलेली बरी." अबोलीही लावली आहे. गडग्याच्या कडेला, पहिल्या रांगेत.

येत्या डिसेंबरात ज्यांना डोळा भरायला शिकायचं आहे त्यांनी आपली नावं सचिवताईंकडे द्यावीत. येताना धारदार चाकू आणि आपल्या गावच्या रानटी गुलाबाची एक पिशवी आणा. काकांनी येतो म्हणून सांगितलं आहे. डोळे माझ्याकडे आहेत.